भारोभार

मालिनीबाईंची ओहायोतल्या डब्लिनमधली सकाळ गुळाच्या खड्याने सुरू व्हायची. मुलाच्या घरात सगळ्यांच्या आधी त्या उठत, चहा करून घेत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शाल पांघरून बसत. मग जिन्यावर हलकी पावलं वाजत आणि नात खाली येई. सावनी सात वर्षांची होती, पण अंगाने पाचाची वाटावी अशी. आल्याबरोबर ती आजीच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर आडवी बसे आणि दोन्ही गारढोण पाय आजीच्या शालीखाली, थेट मांडीवर खुपसे.

"अगं, पाय आहेत का बर्फाचे गोळे? मोजे घालशील तर शपथ!"

"यू आर माय हीटर, आजी."

मग तिचा औषधाचा पंप. तोंड वेडंवाकडं करून ती दोनदा ओढायची आणि लगेच तळहात पुढे करायची. "आता माझा कॉर्नर."

कॉर्नर म्हणजे गुळाच्या ढेपेचा कोपरा. मधला गूळ तिला चालत नसे. कोपरा कडक असतो, दाताखाली कटकन तुटतो, हे तिला आजीनेच शिकवलं होतं. मालिनीबाईंचं सगळं आयुष्य गुळात गेलेलं. कागलजवळ त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. नवऱ्यामागे ते बंद पडलं, तरी इथल्या इंडियन स्टोअरमधली प्लॅस्टिकमधली ढेप नाकाशी नेऊन त्या सांगत, "ह्यात साखर मारलीय. दुसरी द्या."

सावनी दिवस भरायच्या आत जन्मली होती. छाती तेव्हापासूनच कच्ची. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला, तेव्हा प्रसादने, मालिनीबाईंच्या मुलाने, हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल लावला होता. पोरीच्या नाकात नळी होती आणि पांढऱ्या चादरीखाली कुणी आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. मालिनीबाईंनी फोन पालथा घातला, उठून अंबाबाईच्या तसबिरीपुढे गेल्या आणि नवस बोलल्या. पोरगी जगू दे, तिचं अंग भरू दे. तिची गुळाची तुळा करीन. एका पारड्यात ती, दुसऱ्यात गूळ. तिच्या भारोभार गूळ पोराबाळांना वाटीन.

पोरगी जगली. अंग मात्र भरेना. गणपती झाल्यावर मालिनीबाई स्वतःच अमेरिकेला आल्या.

रविवारी मराठी शाळा असे. महाराष्ट्र मंडळाने त्यासाठी गावाबाहेरची एक जुनी इमारत भाड्याने घेतली होती. मक्याच्या शेतांच्या कडेला, लहानशा चढावर, लाल विटांची. ती मुळात शाळाच होती, पण वेगळी. शंभरएक वर्षांपूर्वी ती नाजूक मुलांसाठी बांधली होती. कुणाची छाती कच्ची, कुणाचा पाय लुळा, कुणी नुसतंच वाळलेलं. तेव्हाच्या डॉक्टरांचा भरवसा मोकळ्या हवेवर होता. त्यामुळे वर्गांना दक्षिणेकडून भिंत अशी नव्हतीच, जमिनीपासून छतापर्यंत खिडक्याच होत्या आणि त्या भर हिवाळ्यातही उघड्या ठेवत. मुलं लोकरीच्या पिशव्यांत गळ्यापर्यंत शिरून धडे गिरवत. जेवण झालं की लांबलचक व्हरांड्यात खाटांवर उताणी निजायची, हात सरळ, तोंड बंद. सकाळ-संध्याकाळ दूध, चमच्याने माशाचं तेल आणि आठवड्याला वजन.

हे सगळं वॉल्टरने सांगितलं. वॉल्टर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा म्हातारा. त्याची आजी तिथे स्वयंपाकीण होती. तो बोले आणि प्रसाद मराठीत सांगे.

हॉलच्या कोपऱ्यात तो वजनाचा काटाही होता. भक्कम ओकचा खांब, त्यावर लोखंडी दांडी, एका टोकाला साखळ्यांनी टांगलेली वेताची छोटी खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला पितळी पारडं. मालिनीबाईंनी दांडीला बोट लावलं तर ती पाण्यासारखी हलली.

"तेल घालता का हिला?" त्यांनी विचारलं.

वॉल्टर हसला. "मी कधीच नाही घातलं."

भिंतीवर एक मोठा फोटो होता. व्हरांडा, खाटांची रांग, टोपडी घातलेली पंधरा-वीस मुलं. एकही मूल समोर बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या.

"तिकडे काय होतं रे?"

वॉल्टरने काट्याकडे बोट दाखवलं. "वजनाचा दिवस असणार. प्रत्येकाला वजन ठरवून दिलेलं असे. तेवढं भरलं की त्या दिवशी घरी जायचं. दांडी आडवी झाली की बाई म्हणायच्या, भरलं, आता घरी जा. माझी आजी सांगायची, पोरं रात्री झोपेतसुद्धा तेच बडबडायची."

"आणि ज्यांचं भरलंच नाही?"

वॉल्टरने हातातला फडका घडी करून खिशात ठेवला. प्रसादने त्याचं उत्तर मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

मुलं आत बाराखडी म्हणत तेव्हा मालिनीबाई पॅसेजमधल्या बाकावर बसत. एकदोन गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर व्हरांड्याकडच्या खिडक्या उघड्या सापडत. आधी लावलेल्या असत, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असे. "खिट्ट्या सैल आहेत," वॉल्टर म्हणे. आणि त्याच वेळेला पॅसेजमध्ये कोमट दुधाचा वास येई. दूध तर कुणीच आणत नसे. मंडळाच्या डब्यांत पुलाव आणि ज्यूसची पाकिटं.

एका रविवारी जेवल्यावर सावनी दिसेना. मालिनीबाई शोधत व्हरांड्यात गेल्या. बाहेर ऊन होतं, पण वारा बोचरा. पार टोकाला, भिंतीला खेटून, पोरगी उघड्या फरशीवर उताणी निजली होती. हात सरळ, डोळे मिटलेले. एका जागी क्षणभर न टिकणारं हे पोर.

"सावनी! ऊठ आधी. थंडी बाधेल."

"इट्स रेस्ट टाइम, आजी."

"आणि एवढ्या कडेला गं का? अख्खा व्हरांडा मोकळा पडलाय."

तिने डोळे न उघडता सांगितलं, "बाकीच्या जागा भरल्यात."

मालिनीबाईंनी तिला उचलून आत आणलं. पोरगी आता खोकत बसणार, असं धरून त्यांनी रात्री ओवा भाजून तिची छाती शेकली. पण ती खोकली नाही. त्या रात्रीच नव्हे, त्या आठवड्यातही नाही. दिवाळीनंतर तर ती जेवण मागून घेऊ लागली. जन्मात दुधाला तोंड न लावणारी मुलगी रोज पेलाभर दूध प्यायला लागली आणि वर ओठावरची मिशी पुसायला विसरू लागली. पंप कपाटातच राहू लागला. नाताळच्या सुट्टीआधी गिरिजा, सावनीची आई, तिला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि गाडीतूनच तिने फोन केला. ती रडत होती.

"आई, वजन वाढलंय! डॉक्टर म्हणाली, शी इज ऑन द ग्रोथ चार्ट. पहिल्यांदा! पहिल्यांदा, आई!"

मालिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि त्याच दिवशी नवसाची गोष्ट घरात काढली.

"आई, समरमध्ये कोल्हापूरला जाऊ तेव्हा करू ना," गिरिजा म्हणाली. "इथे लोकांसमोर तिला काट्यावर बसवायचं म्हणजे... तिला किती ऑकवर्ड होईल!"

"नवस फेडायला उशीर करू नये गं. देवी वाट बघते."

"मग बाथरूममधल्या काट्यावर करा. घरच्या घरी."

"त्याच्यावर आकडा कळतो. तुळा होत नाही. तुळेला दोन पारडी लागतात."

"दोन पारडी कुठून आणणार ओहायोत?" प्रसाद हसत म्हणाला आणि मग स्वतःच थांबला. "अरे यार. शाळेत आहे की!"

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचं हळदीकुंकू त्याच हॉलमध्ये होतं. तिळगुळाच्या निमित्ताने पोरांना गूळ वाटायला याहून चांगला दिवस कोणता? मंडळाच्या पद्मजाकाकू तर हरखूनच गेल्या. "मालिनीताई, आम्ही इतकी वर्षं इथे आहोत, गुळाची तुळा फक्त ऐकून माहीत. सगळ्यांना व्हॉट्सॅप करते."

बाहेर बर्फ पांढरं लख्ख पडलेलं. दुपारची जेवणं व्हायची होती. सावनीला खणाचं परकर-पोलकं, हलव्याचे दागिने. मालिनीबाईंनी काट्याच्या खांबाला हळदकुंकू वाहिलं, दांडीला आंब्याची डहाळी हवी होती, तिथे गिरिजाने दारातल्या पाइनच्या झाडाची हिरवी फांदी बांधली. प्रसादने सावनीला उचलून वेताच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची खाली गेली, तिचे पाय फरशीला टेकले, पारडं वर गेलं.

"चला, घाला गूळ!"

मालिनीबाई एकेक ढेप ठेवू लागल्या. प्रत्येक ढेपेला पोरं ओरडत होती. प्रसादने घरच्या काट्यावर वजन बघून त्याला पुरून वर चार ढेपा उरतील एवढा गूळ आणला होता. तो सगळा पारड्यात गेला. खुर्ची हलली नाही.

"सावनी, ब्रेकफास्टला काय हत्ती खाल्लास का?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"गंजलाय काटा," प्रसाद म्हणाला. "आई, नुसतं शास्त्रापुरतं झालं म्हण."

"शास्त्रापुरतं नवस फिटत नाही."

मग पद्मजाकाकूंनी लाडवांसाठी आणलेला गूळ आला. मग लोकांनी घरून आणलेले तिळगुळाचे डबे. पारडं रचून रचून देवळाच्या कळसासारखं झालं. सावनी खुर्चीत शांत बसली होती. मध्येच ती किंचित बाजूला सरकली, जसं बाकावर आपण दुसऱ्याला जागा करून देतो.

शेवटचा डबा ठेवला तेव्हा खुर्ची उचलली गेली. दांडी आडवी झाली, डुलली आणि स्थिरावली. बरोब्बर सारखी.

टाळ्या. फोटो. पद्मजाकाकूंनी ओवाळलं. "उतर बाळा," गिरिजा म्हणाली. पोरगी उतरली आणि गिरिजाने तिला स्वेटर घालायला पलीकडे नेलं. लोक जेवणाच्या टेबलांकडे वळले.

मालिनीबाई गूळ उतरवायला वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

पारडं खाली आलं नव्हतं.

खुर्ची रिकामी होती. दांडी आडवी होती. एवढा गुळाचा डोंगर आणि समोर काही नाही, तरी दोन्ही बाजू सारख्या.

त्यांनी खुर्चीच्या वेताकडे पाहिलं. वेत मधोमध खोलगट झाला होता.

कोमट दुधाचा वास आला. व्हरांड्याकडच्या खिडक्या उघड्या होत्या. त्या कधी उघडल्या, ते त्यांना कळलं नाही.

त्यांना भीती वाटली नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना याचंच नवल वाटत राहिलं. तेव्हा त्यांना आठवला तो फोटो, वळलेल्या माना आणि वॉल्टरचं बोलणं. कुणाचं तरी पोर. किती वर्षं वाट बघत असेल. आईबाप कधीच गेले असतील, घरही उरलं नसेल आणि हे आपलं अजून वजन भरायची वाट बघतंय. त्यांचे डोळे भरून आले.

कमरेला त्यांनी सावनीसाठी एक कोपरा रुमालात बांधून ठेवला होता. देताना नुसतं सारखं देऊ नये, वर थोडं घालावं. गुऱ्हाळावर गिऱ्हाइकाला गूळ जोखून झाला की त्यांचे यजमान वर एक खडा ठेवत. तो हात मालिनीबाईंच्या अंगात मुरलेला. त्यांनी गाठ सोडली आणि तो कोपरा पारड्यात ठेवला.

पारडं धपकन खाली आलं. खुर्ची वर गेली.

"भरलं गं बाळ," त्या म्हणाल्या. "आता घरी जा."

साखळ्या हलक्याच किणकिणल्या. निऱ्यांना खाली, पावलांपाशी, गार काहीतरी घासून गेलं. मग दुधाचा वासही गेला.

त्यांनी पदराने डोळे टिपले. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. एका नवसात दोन जीव सुटले.

"आई, बघा ना हिला," मागून गिरिजाचा आवाज आला. "काय शहाणी झालीय! न सांगता स्वेटर घातला, बटणंसुद्धा स्वतः लावली."

मुलगी आईचा हात धरून उभी होती. गाल लाल, अंग भरलेलं. ती मालिनीबाईंकडे बघत होती, नवीन शिक्षिकेकडे बघावं तसं.

गाडीत ती सरळ बसून राहिली, हात मांडीवर. दर खेपेला मक्याची शेतं संपली की "आर वुई देअर" म्हणून भंडावणारी ती, सगळा रस्ता खिडकीच्या काचेला नाक लावून गप्प. घर आलं तेव्हा तिने दार स्वतः उघडलं नाही. कुणीतरी सांगेपर्यंत वाट पाहिली.

"दमली बिचारी," प्रसाद म्हणाला.

रात्री गिरिजाने व्हिटॅमिनचं औषध चमच्यात ओतलं तर मुलीने मुकाट्याने डोळे मिटून आ केला. एरवी त्या चमच्यासाठी घरभर पळापळ व्हायची. प्रसादने गिरिजाकडे पाहून भुवया उंचावल्या. दोघंही हसले. कितीतरी महिन्यांनी ते दोघं तसे हसत होते.

मालिनीबाईंना झोप लागली नाही. काहीतरी हातून राहिलंय, असं वाटत होतं. काय ते सापडत नव्हतं. पोरीला उतरवली तेव्हा आपण तिच्याकडे बघितलं होतं का? गिरिजाने "उतर बाळा" म्हटलं, कुणीतरी उतरलं. आपण मात्र गुळाकडे बघत होतो.

सकाळी त्या नेहमीसारख्या उठल्या. चहा केला. टेबलाशी शाल पांघरून बसल्या. बाहेर अजून बर्फ होतं, पण ऊन आलं होतं आणि टेबलावर त्याचा पट्टा पडला होता.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगी खाली आली. कपडे बदललेले, केस पाण्याने चापून बसवलेले, पायात मोजे. शेजारची खुर्ची सोडून ती समोरच्या खुर्चीत जाऊन बसली, पाठ ताठ, हात टेबलाच्या काठावर.

मालिनीबाईंनी नव्या ढेपेचा कोपरा तोडला. कोपरा तळहातावर ठेवून त्यांनी तो पुढे केला.

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"व्हॉट इज इट, मॅम?" तिने हळूच, अदबीने विचारलं.

मालिनीबाईंना तेवढं इंग्रजी कळत होतं.

वरच्या मजल्यावर गिरिजा गाणं गुणगुणत होती. प्रसाद दाढी करत असावा, नळाचा आवाज येत होता. कुणाला हाक मारणार आणि काय सांगणार? डॉक्टरच्या चार्टवर पोरगी पहिल्यांदा बसली होती.

"गूळ," त्या म्हणाल्या. "खा. गोड असतो."

मुलीने खडा दोन बोटांत उचलला, जिभेला लावला आणि तिचे डोळे मोठे झाले. मग ती खाऊ लागली. लहान लहान तुकडे, एकही कण न सांडता, पुन्हा मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसासारखं. मालिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. या पोरीचा तरी काय दोष? हिच्याही कुणी आजीने वाट पाहिली असेल.

आणि मग आपण काय बोललो ते त्यांना आठवलं. आपल्याच तोंडाने. आता घरी जा.

शेजारची खुर्ची किंचित सरकली.

शालीखाली, त्यांच्या मांडीवर, दोन लहान, गारढोण पाय अलगद येऊन टेकले.

मालिनीबाई हलल्या नाहीत. समोर मुलगी बोटं चाटत होती. थोड्या वेळाने त्यांनी ढेपेचा दुसरा कोपरा तोडला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि शाल ओढून त्या पायांवर नीट पांघरली.